काचेआडचं बोलणं

नारपोली, भिवंडी
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. मैना हिस,

दादाचे आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. तुझी वहिनी गुडघ्याला तेल चोळत मला शिव्या घालते, म्हणजे तब्येत उत्तम. तुम्ही धाडलेले वाल पोचले, गोड निघाले. भावोजींची कंबर कशी आहे?

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, मग फोन भावोजी घेतात आणि मी हवापाण्यावर येतो. म्हणून हे पत्र वहिनीच्या हाती देतोय. तूच वाच.

आधी खोटं कबूल करतो. गुरुवारी रंजिता माझ्याबरोबर कशेळीला हळदीला आली, असं मी भावोजींना सांगितलं. हळदबिळद काही नव्हती. तिच्या कॉलेजची मुलं ऐरोलीला दोन कंपन्या बघायला, तिथल्या इंजिनियर लोकांना भेटायला गेली. भावोजींनी तिला नको म्हटलं होतं. पालकाच्या जागी सही मी ठोकली. सरांना बरोबर मोठं माणूस हवं होतं, तर बसमध्येही मीच चढलो. भाची तीन वर्षं माझ्या घरी राहून शिकते, तेवढा हक्क मी धरला.

पहिल्या कंपनीत नुसते कॉम्प्युटर आणि गार हवा. एक जण तासभर इंग्रजीत बोलला, मी चहाच्या मशीनचं बटण शोधत बसलो. दुसरीत मात्र मजा आली. तिथे काडेपेटीएवढी डबी बनवतात. मोटरला चिकटवायची, मग ती आवाज ऐकून सांगते, मशीन कुठे बिघडणार. मी म्हटलं, "ताई, मी जॉबर माणूस. लूमचा आवाज ऐकून बिघाड सांगण्यात पस्तीस वर्षं गेली. मला न्हाय कोणी कुठे चिकटवलं!" सगळे हसले.

तिथल्या मुख्य बाई, धम्मदिनाताई, त्यांनी एका मोटरचा आवाज वाजवला. म्हणाल्या, काय बिघडलंय सांगा. मला कळलं होतं, पण जीभ दाताखाली धरली. तेवढ्यात आपली रंजिता ओरडली, "बेरिंग गेलंय! ग्रीस सुकलंय!"

ओरडलीच गं. मागून कोणीतरी म्हणालं, "लूमवाली आयी रे!" पोरं फिदीफिदी हसली. रंजिताची मान खाली. ती एवढ्या मोठ्याने का बोलते ते मला ठाऊक हाय. बोलायला लागल्यापासून ती तुझ्याशी बोलत आली.

बाई हसल्या नाहीत. "कुठली गं तू?"

"नारपोली."

"मीही भिवंडीचीच, निजामपुऱ्याची. माझे वडील लूमवरच होते. उत्तर बरोबर आहे. ये आत."

तिला काचेच्या खोलीत नेलं, दार लावलं. बाहेर आवाज शून्य. पण मैना, लूमच्या खडखडाटात ओठ बघून बोलणं समजणारी आपण माणसं. आपल्याला काच काय अडवणार? मी खुर्ची वळवून बसलो. बाई म्हणाल्या, परीक्षा झाली की जूनपासून सहा महिने शिकायला ये, पगार मिळेल, काम जमलं तर ठेवून घेऊ. शुक्रवारपर्यंत कळव.

मला वाटलं, पोर म्हणेल मामाला विचारते. नाहीतर बाबांना. ती म्हणाली, "आईला विचारून सांगते."

आज तीन दिवस झाले, तिने तुला विचारलेलं नाही. येत्या रविवारी पाहुणे तिच्या लग्नाची तारीख धरायला येणार, हे तिला माहीत आहे. तुला कोणत्या तोंडाने विचारायचं, हेच तिला कळत नसेल. म्हणून मी लिहितोय.

आणखी एक आहे. दोनदा लिहून खोडलं.

लोक म्हणतात, सावळाराम स्वतःच्या हिमतीवर वर आला. मीही सत्काराला उभा राहून तेच सांगतो. तुझं नाव घेत नाही. तू सातवीला पहिली आली होतीस. बाबांना पटवून, शाळा सोडवून तुला भिवंडीला लूमच्या सुताच्या कांड्या भरायला मी आणलं. तुझं लग्न होईपर्यंत सात वर्षं दोघांच्या कमाईवर घर चाललं, म्हणून मला पहिला लूम घेता आला. जॉबरचा कान म्हणजे त्याचं पोट, म्हणून मी कानात कापसाचे बोळे घालायचो, काढायचो ते लूम तपासायला. एकदा तू मागितलेस. मी म्हणालो, "तुला कशाला? शेठने हाक मारली तर ऐकू यायला नको?"

सगळीकडे कापूस उडत होता, मैना. चिमूटभर दिला नाही.

डॉक्टरने तुझे कान तपासले तेव्हा भावोजी म्हणाले, वय झालं. मी मान डोलावली. वय नव्हतं ते.

बुधवारी रंजिताला घेऊन येतो. तू हो म्हणालीस तर भावोजींशी मी भांडतो, राहायला ती माझ्याकडे आहेच. पाहुण्यांना थांबायला सांगू. चांगले असतील तर थांबतील, नाहीतर सुंठीवाचून खोकला गेला. तू नको म्हणालीस तर नको, पोरीची समजूत मी घालीन. पण उत्तर तुझं पाहिजे. भावोजींचं नको, माझं तर नकोच.

बत्तीस वर्षांपूर्वी शाळा सोडवताना तुला कोणी विचारलं नव्हतं. आज विचारतो. तुझं काय म्हणणं आहे?

तू बोलेपर्यंत गप्प राहणारा,
तुझा दादा
सावळाराम