सखूच्या आईला दारात अडवलं

पनवेल, मंगळवार, फेब्रुवारी १९५४

उकळत्या पेजेने भाजलेल्या तीन वर्षांच्या सखूची पट्टी सकाळी सोडली, तर खाली हिरवा पू. पोर तापाने फणफणलेली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हा पू पेनिसिलिनला दाद देणार नाही."

दुपारी तिची आई मिठागरावरून आली. कडेवरच्या धाकट्याच्या अंगभर कांजिण्या! त्या हिरव्या जखमेत आणि कांजिण्या आल्या तर सखू वाचेल का?

"आत येऊ नको!" मी ओरडलेच.

ती गोंधळली. "बाय, काल तं दोगांना एकाच मांडीवर घेतलंवतं."

खरंच की. काल बाळाच्या अंगावर एक फोड नव्हता. तिला बसायला स्टूलही मीच दिलं होतं.

कांजिण्यांची लागण फोड दिसण्याआधीच होते, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.