खूर खाली केलाय

बाबा,

तुम्ही आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेलात, तेवढ्यात माझ्या बसची वेळ झाली. भेटून निघाले असते तर पुन्हा भांडलो असतो.

नर्स फुएन्सांता म्हणाली, तुमचं रक्त फार कमी झालंय. नुसत्या पाव-कॉफीवर किती दिवस काढणार? रोज हॅमचे चार काप खा, कागदासारखे पातळ. त्यात एका अंड्यापेक्षा जास्त प्रथिनं असतात, लोहही असतं. पण मीठही भरपूर असतं, आणि तुमचं ब्लडप्रेशर तुमच्यासारखंच हट्टी. म्हणून चारच, पाचवा नाही. सूपमध्ये वरून मीठ घालायचं नाही. मिठाची बरणी मी घेऊन चाललेय, शोधत बसू नका.

हॅमसाठी आईने मीठ लावून टांगलेली ही डुकराची शेवटची मांडी, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून नुसती बघत बसू नका. तिने ती खाण्यासाठीच टांगली होती.

काल मी आले म्हणून तुम्ही ती कापायच्या स्टँडवर चढवलीत, तीही खूर वर करून. म्हणजे मांसल बाजू आधी, भरल्या घरात भराभर संपते तशी. एकट्या माणसाने खूर खाली ठेवून अरुंद बाजूपासून सुरुवात करायची, नाहीतर मांस वाळून जातं. हे तुम्हीच मला शिकवलंत, म्हणजे काल तुम्ही ते विसरला नव्हतात. मी इथे राहीन का, हेच तुम्ही विचारत होतात, ते मला कालच कळलं होतं.

सकाळी मी मांडी फिरवून खूर खाली केलाय.

कासिल्दा