जवस, शतावरी आणि गप्प बसा

३ मार्च, सोमवार
आज चौथीच्या वर्गात खडू फेकून मारला. भिंतीला लागला, पण पोरी दचकल्या. पंखा बंद, आणि एकदम छातीतून कानापर्यंत आग उसळली. हेडमास्तर दारात उभे. म्हणाले, "मॅडम, घरचं टेन्शन शाळेत आणू नका."
घरचं टेन्शन! एकोणपन्नास वय. पाळी जाऊन चौदा महिने झाले. हे यांना कुठल्या तोंडानं सांगू?

५ मार्च
प्रत्येकाकडे औषध आहे. सासूबाई म्हणतात सब्जा खा. शेजारीण म्हणते शतावरी दुधातून घे. नवरा, सिद्धोधन, तहसील कचेरीतून आले की मोबाईलवरचं वाचून दाखवतात – योगा, मेथीदाणे, राग कमी करा. राग कमी करा म्हणे.
मी काय करत नाही? पहाटे देवगाव फाट्यापर्यंत चालून येते. जेवणात जवसाची चटणी रोज. संध्याकाळचा चहा सोडला. खरं सांगायचं तर चहा सोडल्यापासून झोप जरा लागते. म्हणजे या गोष्टींवर माझा राग नाही. तुला काय होतंय, असं एकानंही विचारलं नाही, त्याचा आहे.

८ मार्च
महिला दिन. ग्रामपंचायतीत राजेश्रीचं भाषण. आमच्याच गल्लीतली. वर्षापासून कुठल्याशा कंपनीची पावडर विकते. "हार्मोन नैसर्गिकरीत्या बॅलन्स होतात, दवाखान्याची गरज न्हाई." बायकांनी टाळ्या वाजवल्या. सिद्धोधननी परस्पर दोन डबे आणले.
घेतली. कटकट नको म्हणून घेतली.

१९ मार्च, बुधवार
मधल्या सुट्टीत पाहिलं – रक्त. चौदा महिन्यांनंतर. साडीला लागलं होतं. हजेरीपट मागे धरून घरी आले.
राजेश्रीला फोन केला. "अवो ताई, ही तर चांगली खूण हाय. शरीर साफ व्हायलंय. डोस वाढवा."
सिद्धोधन चक्क हसले. "म्हणजे परत तरुण झालीस की!"
मी ताट ढकलून उठले.

२० मार्च
आजही. माझ्याकडे पॅड कुठले आता? नांदेडला शिकणाऱ्या लेकीच्या कपाटातून घेतले.

२२ मार्च, शनिवार
रजा टाकून परभणीला गेले. एकटी. निघताना सासूबाई दारात आडव्या. "एवढ्याश्यासाठी डॉक्टर? बाईच्या अंगाला हे असायचंच. गप बसावं. चारचौघांत कशाला सांगायलीस?"
मी म्हटलं, "चारचौघांत नाही, डॉक्टरला सांगायला चालले." आणि चप्पल घातली. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले.
डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "जवस खा, तीळ खा, चाला, मी नाही म्हणत नाही. पण पाळी वर्षभर बंद राहिल्यावर परत रक्त गेलं, तर त्याला काढा-चूर्ण नाही. ते तपासायचंच असतं. आणि त्या डब्यात काय आहे ते मला माहीत नाही, विकणाऱ्या बाईलाही नसेल. बंद करा."
सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं. नळीनं तुकडा काढला. दुखलं, लय दुखलं. रिपोर्ट आठवड्यानं. "कॅन्सर आहे का?" विचारलं. "रिपोर्टशिवाय बोलणार नाही," म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, ते बरं वाटलं.
गाडीत उभी राहून आले.

२४ मार्च
दोन्ही डबे राजेश्रीच्या ओट्यावर नेऊन ठेवले. म्हटलं, "डोस वाढवा म्हणालीस ना? मी तुझं ऐकलं असतं तर?"
ती आधी तावातावानं बोलली, मग आवाज खाली आला. "मला मीटिंगमधी जे सांगितलं तेच मी सांगते, ताई. मी बी घेते की ती."
तिच्यावर ओरडायला गेले होते. ओरडलेच. पण परत येताना राग तेवढाच, आणि ठेवू कुणावर ते कळेना.

२७ मार्च
काल सिद्धोधननी स्वतःहून विचारलं, "अजून जातंय का?" बावीस वर्षांच्या संसारातला पहिला कामाचा प्रश्न. मी "हो" म्हटलं आणि कूस बदलली.

२९ मार्च, शनिवार
कॅन्सर नाही. आत मांसाचा साधा कोंब आहे, छोट्या ऑपरेशननं निघेल. सिद्धोधन सोबत आले होते. दवाखान्याबाहेर रसवंतीवर बसून त्यांनी डोळे पुसले. "मी हसायला नव्हतं पाहिजे."
"नव्हतंच पाहिजे," मी म्हटलं. माफबिफ केलं नाही अजून.
घरी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला रिपोर्ट. मुद्दाम. गप्प बसले असते तर काय झालं असतं, तेही सांगितलं. त्या उठून आत गेल्या. जिंकल्यासारखं वाटलं मला.

१ एप्रिल, मंगळवार
सकाळी शाळेला निघाले तर सासूबाई मागे फाटकापर्यंत आल्या. इकडंतिकडं पाहिलं. वय त्यांचं अडुसष्ट.
"नीलम, त्या डॉक्टरणीकडं मलाबी नेतीस का? दिवाळीपासून माझंबी जायलंय."