पिशवीवाल्याच्या घशातली पिशवी

ती. स्व. दाजींस,

नमस्कार. दोन वर्षं खाली वाकलो की जेवलेलं वर यायचं, म्हणून तुमच्यापुढे नुसती मान हलवून भागवत होतो (तुम्ही तो माज समजलात, हे ताईकडून कळलं). हा नमस्कार मात्र पार कंबरेतून. तुमची तब्येत विचारत नाही, कारण तुम्ही 'ठणठणीत' म्हणणार आणि मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

हकीकत अशी, की एका जुन्या मशीनवर सुरुवात करून जन्मभर ज्याने पिशव्या शिवल्या, त्याच्याच घशात पिशवी निघाली. गिळायच्या नळीच्या तोंडाशी मागची भिंत सैल पडून खिसा तयार होतो आणि घास खाली जायचा सोडून आधी तिथे मुक्काम ठोकतो. दुकानात पाटी आहे, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. एका संध्याकाळी त्याच पाटीखाली, गिऱ्हाईकासमोर, दुपारच्या जेवणातला वाटाणा अख्खा परत आला. गिऱ्हाईक पाटीकडे बघत म्हणालं, "स्वतःचा तरी परत घेता वाटतं."

तेव्हापासून चारचौघांत जेवणं सोडलं. कुणी ताट वाढलं की 'मी जेवून आलोय'. वजन नऊ किलो उतरलं, बायको पट्ट्याला भोकं पाडून थकली आणि कारागीर माघारी मला 'रिकामी पिशवी' म्हणू लागले (बारा मशीनं चालू असताना कुठली सुई बोथट झालीय ते मला ऐकू येतं, हे अजून त्यांच्या ध्यानात येत नाही). पण खरा छळ आवाजाचा. पाणी प्यायलं की मानेत गुडगुड, मोरी तुंबल्यासारखी.

डॉक्टरबाईंनी खडूसारखं पांढरं औषध पाजून फोटो काढला. पिशवी स्पष्ट दिसली. गोलाई चांगली होती, शिवण कुठे नव्हती. त्या म्हणाल्या, ऑपरेशन तोंडातूनच दुर्बीण घालून करू, बाहेर टाका नाही. नळीला भोक पडायचा, आवाज बसायचा थोडा धोका असतो, तेही त्यांनी लपवलं नाही. सहीसाठी पेन दोनदा उचलून दोनदा खाली ठेवलं (बायकोला सांगितलं, पेन चालत नाही).

शुद्धीवर आल्यावर पहिलं मागितलं, पिशवी दाखवा. "ती आतच आहे," बाई म्हणाल्या. माझा पारा चढला. घसा बसलेला, म्हणून कागदावर लिहिलं, 'काम अर्धवट'. त्यांनी त्याच कागदावर दोन खण काढले, एक नळीचा, एक पिशवीचा, आणि मधला पडदा. तो पडदा कापला की खण एकच, घासाला अडून बसायला जागा नाही. हे मला तात्काळ पटलं. मग विचारलं, कडा कशा शिवल्या? तर म्हणे, पिना मारल्या. दाजी, शिवण सोडून पिना मारणाऱ्याला मी त्याच दिवशी मशीनवरून उठवतो. आज माझं सगळं पोट त्या पिनांच्या भरवशावर भरतंय.

दुसऱ्या दिवशी पाणी दिलं. घोट घेतला आणि कान लावला. काही नाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, गिळलंत का?" गिळलं होतं. मग ती उगाचच खिडकीचा पडदा सारखा करत बसली. काही दिवस पातळ, मग मऊ, आणि काल कारागिरांच्या बाकावर बसून सगळ्यांदेखत जेवलो, वाटाण्यांसकट.

तुमचा मेहुणा
(आता रिकामा नाही)

ता. क. काहींची पिशवी पुन्हा डोकं वर काढते, मग पडदा पुन्हा कापावा लागतो. बहुतेकांची काढत नाही. गिऱ्हाईकाला मालातला दोष आधी सांगायची माझी पद्धत नाही, तेव्हा हे का सांगतोय ते ओळखा.

ता. क. दुसरा. मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही 'मी जेवून घेतलंय' म्हणालात आणि पाण्याचा घोट घेतलात. मी ऐकलं. ताईला आधी वाटत होतं, तिच्या हातची चव गेली. गुरुवारी सकाळी अकराला बाईंकडे तुमचं नाव लिहिलंय. निदान फोटो तरी काढू.

ता. क. तिसरा. 'मला काही झालेलं नाही' असं उत्तर धाडू नका. तो फोन ताईनेच लावून दिला होता, आणि ऐन बोलण्यात पाण्याचा पेलाही तिनेच तुमच्या हातात दिला होता.