तीन नंबरचं दार

१२ नोव्हेंबर
नेरडीगोंड्याला पोचले. हायवेला लागून चकचकीत कोल्ड स्टोरेज, मिरचीच्या पोत्यांनी गच्च. मॅनेजर नरसिंगरावांनी हसून स्वागत केलं, स्वयंपाकाच्या प्रयागबाईंनी गरम भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. या वर्षातली ही माझी चौदावी तपासणी. पाठ मोडून आलीय, पण इथं झोप लागेल. काम ठरलेलं: यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक फट आहे, तिच्यातून साधा कर्मचारी मालकाचे सगळे अधिकार मिळवू शकतो. धोका किती, ते सांगायचं आणि ती बुजवायची. बाहेरून कुणाला हे जमत नाही. माणूस आत, मशीनपाशी बसलेला लागतो.

१३ नोव्हेंबर
फट खरी आहे. पण माझ्याआधी कुणीतरी तिथं पोचलंय. रोज दुपारी तीनला, तीन नंबर खोलीच्या आतल्या कॉम्प्युटरवरून, मंजुषा नावाच्या खात्यातून एकच आज्ञा: दार उघड. उत्तर: परवानगी नाही. अशा साडेतीनशे नोंदी. आठवड्यापासून ती फट चाचपली जातेय, रोज जरा पुढे.
नरसिंगराव म्हणाले, तीन नंबर वर्षभर रिकामी आहे, फक्त थंडावा चालू असतो.

१४ नोव्हेंबर
प्रयागबाईंना मंजुषाबद्दल विचारलं. त्यांनी थापलेली भाकर तव्यावर टाकली.
"काऊन विचारून राह्यली, माय? मेली ते पोरगी. तापमान लिहाले आत गेली, दार लागलं. उघडाचा इख्तियार तिले नोता."
दार उघडायचा अधिकारच नव्हता तिला. म्हणजे ती फट ही तिची बाहेर यायची एकच वाट.

१५ नोव्हेंबर
नरसिंगरावांना तपासणीच्या अहवालावर आजच सही हवी. वाद घालायची ताकद नव्हती. फट बुजवली.
तीन वाजले. परवानगी नाही. परवानगी नाही. थांबेचना. तो आतला कॉम्प्युटरच उपटून आणते. दाराला पोतं अडकवून जाईन.

तीन वीस. पोतं सरकलं. दार लागलं. वही खिशात होती म्हणून—
माझ्या नावानं कॉम्प्युटरमध्ये शिरले. दार उघड. परवानगी नाही. माझे अधिकार कुणीतरी काढून घेतलेत — आत्ताच, ऑफिसातून, माझ्या खुर्चीवरून—

बोटं वळत नाहीत. फट मीच—

बाहेर नरसिंगराव. दार बडवलं. त्यांनी विचारलं, कोण? ओरडले, मी उत्कर्षा. ते हळूच म्हणाले, उत्कर्षाबाई तर इथं माझ्याजवळ उभ्या—