आत घेतलेल्या शिवणी

मंगळवार, १२ मार्च

चि. बटण हिला बाबाचे आशीर्वाद.

इकडे मी ठीक, मशीन ठीक, गुडघा तेवढा सकाळी उठताना कुरकुरतो. तूही खुशाल असशील असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

तुझं पहिलं पत्र येऊन सतरा दिवस झाले. दीड वर्षाने तुझं अक्षर पाहिलं. पोस्टमन दुकानाच्या पायरीवरच म्हणाला, लेकीचं दिसतंय, आणि मी त्याच्यासमोरच ते फोडलं. दुसरं पत्र शुक्रवारी आलं. त्यात तू रागावली आहेस. ‘आईचे कपडे द्यायचे नसतील तर तसं सांगा, पण गप्प बसू नका,’ असं लिहिलं आहेस. राग बरोबर आहे. मागून मागून तू मागितलंस काय, तर आईचे पाच सदरे आणि करडा कोट, तुझ्या मापाने आत घेऊन. चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाला हे दोन दिवसांचं काम. फोन करावा असं मनात आलं होतं, पण फोनवर आपण दोघंही ‘बरं, बरं’ म्हणतो आणि ठेवून देतो.

उशीर का झाला ते सांगतो. तिच्या सदऱ्यांचा तो राखाडीकडे झुकणारा निळा धागा हल्ली मिळत नाही. दोन दुकानं पालथी घातली. शिवाय लग्नाचे दोन कोट अंगावर होते, आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची पँट होती. त्याचं तुला ठाऊकच आहे. माप देताना श्वास रोखून पोट आत ओढतो आणि ‘चौतीस’ म्हणून स्वतःच आकडा सांगतो. मी वहीत चौतीस लिहितो आणि अडतीसची कापतो. पँट नेली की म्हणतो, मास्तर, तुमचा हात म्हणजे हात. अशी आमची अळीमिळी गुपचिळी गेली अकरा वर्षं चालू आहे.

धागा परवाच मिळाला. तेव्हा ती सबब संपली.

कपाट उघडलं. पाचही सदरे तिने ठेवले होते तसेच आहेत. तुझ्या आईइतकं कमी कपड्यांत भागवणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि मी शिंपी. लोकांना वाटायचं, शिंप्याची बायको म्हणजे रोज नवं. ती मात्र कापड निवडताना फुलाफुलांच्या ताग्याकडे बघायचीसुद्धा नाही. निळा नाहीतर करडा, पूर्ण बाही, गळ्यापर्यंत बटण आणि दोन खोल खिसे. एकात चष्मा, एकात पेन्सिल. वाचनालयाच्या टेबलामागे बसणारीला आणखी काय लागतं, असं म्हणायची. एकदा मी हौसेने तिच्या बाहीला पांढरी किनार लावली. तिने दिवसभर घातला तो सदरा, आणि संध्याकाळी कातर घेऊन माझ्यासमोर बसून टाका टाका उसवला. म्हणाली, “अहो, लोक पुस्तकं घ्यायला येतात, मला बघायला नाही.” कॉलर झिजली की मी ती सोडवून उलटी करून लावायचो आणि सदरा आणखी तीन वर्षं चालायचा. तिला त्याचा मोठा अभिमान होता. नव्या कपड्याचा कधी झाला नाही एवढा.

तू अगदी उलटी. सातव्या वर्षी पिवळा झगा हवा म्हणून दुकानात लोळण घेतली होतीस.

गिऱ्हाईक आलं आहे. उरलेलं उद्या लिहितो.

बुधवार

काल लिहिलं ते वाचून पाहिलं. सगळं खरं आहे आणि त्यात तुला सांगायचं होतं त्यातलं काहीच नाही.

तुझ्या पहिल्या पत्रातल्या तीन ओळी मला पाठ झाल्या आहेत. ‘मी आठ दिवस तिच्या शेजारी झोपले आणि मला काही दिसलं नाही. उलट मी तिला म्हणाले, आई, किती छान दिसतेस. ते वाक्य मला रोज ऐकू येतं.’

बटण, तुला दिसलं नाही, कारण तुला दिसू नये असंच मी शिवलं होतं.

हे एकदा लिहून झालं, आता क्रमाने सांगतो.

त्या वर्षी जानेवारीत तुझ्या आईने एक सदरा आणून दिला. धुऊन धुऊन कापड सैल पडलंय, जरा आत घ्या, म्हणाली. मी बघितलंही नाही नीट. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत घेतला. मार्चमध्ये पाचही सदरे आले. सुती कापड एकदम पाचही कसं सैल पडेल? तिला उभं केलं आणि टेप लावला. वहीत तिच्या पानावर गेली बारा वर्षं एकच माप होतं, मी नव्याने लिहायचीही तसदी घेत नव्हतो. छातीला साडेतीन इंच कमी भरलं. कमरेला चार. मी टेप पुन्हा लावला. ती माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत उभी होती.

म्हणाली, “मला कळतंय. तिची परीक्षा जूनमध्ये आहे. ती होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला. तोवर तुम्ही काही बोलू नका.”

मी बोललो नाही. मी ज्यांच्याकडे शिकलो त्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की टेप जे सांगेल ते वहीला सांगायचं, गिऱ्हाइकाला नाही. कुणाचं पोट सुटलं, कुणाचा खांदा उतरला, कुणाला दिवस गेले, सगळ्यात आधी शिंप्याला कळतं, आणि शिंप्याने तोंडात टाचण्या धरून गप्प बसायचं. माणसाचं व्यंग झाकणं हाच आपला धंदा, असं ते म्हणायचे. मी ते वेदवाक्य मानलं. घरात आणि दुकानात फरक करायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नाही, आणि मला स्वतःला सुचलं नाही.

मग मे महिन्यात तू आठ दिवस येणार म्हणून कळवलंस. तुझी आई म्हणाली, मी अशी दिसले तर पोर पुस्तक हातात धरणार नाही. मी म्हटलं, तू काळजी करू नकोस.

त्या आठवड्यात मी बाहेरचं एकही काम घेतलं नाही. बाजू पुन्हा उसवल्या. नुसतं आत घेतलं असतं तर हाडं दिसली असती, म्हणून आतून फ्लॅनेलचं अस्तर लावलं, पाठीला एक पदर जास्त. खांद्यांना पातळ गाद्या दिल्या. कॉलर पाव इंच उंच केली, म्हणजे मानेच्या शिरा झाकतील. मनगटं बारीक झाली होती, तिथे कफ अरुंद केला आणि बटण सरकवलं. वरून हात फिरवला तरी कळू नये असं काम. तू आलीस, दारातच तिला बघितलंस आणि म्हणालीस, “आई, आता कुठे तू अंगासरशी कपडे घालायला लागलीस. किती छान दिसतेस.”

ती हसली. आणि मला अभिमान वाटला.

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. भीती वाटली, वाईट वाटलं, ते सगळं होतंच, पण त्या क्षणी अभिमान वाटला. माझ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम होतं ते. तू तिला मिठी मारलीस तेव्हा मी तुझ्या हाताकडे बघत होतो, की पाठीच्या पदरावरून फिरताना तो कुठे अडतो का. नाही अडला.

गुरुवार

काल पुढे लिहवलं नाही.

तुझी परीक्षा झाली, जुलै उजाडला, तेव्हा आम्ही डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? तुझी आई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, महिना झाला असेल. माझ्या घरी वहीत तारीखवार मापं लिहिलेली होती, आणि मी महिना म्हणालो. तपासण्या झाल्यावर बाईंनी एवढंच म्हटलं की चार महिने आधी आला असतात तर हातात काहीतरी राहिलं असतं. सप्टेंबरात ती गेली.

हॉस्पिटलच्या त्या लांब गल्लीत तू मला विचारलंस, बाबा, तुम्हाला खरंच काही कळलं नाही? मी म्हणालो, “नाही गं. एकदमच झालं.”

तू त्यानंतर घरी येणं बंद केलंस. मला वाटलं, माझा खोटेपणा तुला कळला. पण तू तर स्वतःलाच दोष देत बसली होतीस, हे मला तुझ्या पत्रावरून समजलं. दीड वर्ष तू ते ओझं वाहिलंस, आणि ते माझं होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, एवढी साधी म्हण मला साठी उलटूनही कळली नाही. तू माफ कर असं मी म्हणणार नाही. तुझं चुकलं नव्हतं, एवढं मात्र मनात पक्कं कर. तुझ्या जागी तो बेकरीवालाच काय, खुद्द माझे मास्तर असते तरी त्यांना ते ओळखता आलं नसतं.

तुला वाटेल, बाबा हे आत्ताच का सांगतोय. कपडे पाठवले की तू कधीतरी शिवण उसवणार, आतल्या तीन तीन टिपा आणि फ्लॅनेल बघणार, आणि तुला ते कळणार. तू माझ्याच हाताखाली शिकलेली आहेस. पहिल्यांदा मलाही वाटलं की तेवढ्यासाठीच सांगावं. अस्तर आणि गाद्या काढून, जुन्या टिपांचे धागे वेचून, इस्त्री मारून पाठवलं असतं, तर मात्र तुला काही कळलं नसतं. ते मला जमलं असतं. तू खूश झाली असतीस, पत्रं येत राहिली असती, कदाचित सुट्टीत आलीही असतीस. मला तेवढंच हवं आहे, हे तुला ठाऊक आहे. सतरा दिवस मी याच विचारात काढले.

पण काल सकाळी कापायला बसायचं म्हणून तू पत्रात पाठवलेली मापं शेजारी ठेवली आणि वहीतलं तुझं पान काढलं. त्या मे महिन्यातच तुझ्या कोटासाठी घेतलेली मापं तिथे आहेत. छाती चौतीस. तू आता लिहिलं आहेस साडेएकतीस. कंबर अठ्ठावीस होती, आता चोवीस. आधी म्हटलं, पोरीने टेप ओढून धरला असेल. पण खांदा तोच, बाहीची लांबी तीच, उंची तीच, पाव इंचाचा फरक नाही. टेप धरणारा हात बरोबर आहे. तो मीच शिकवला आहे.

आणि पत्रात तू लिहितेस, ‘हल्ली माझे सगळे कपडे ढगळ झालेत. नकाशांच्या ऑफिसातले सगळे म्हणतात, ही तुझी स्टाइलच आहे. मलाही आवडायला लागलंय तसं. फक्त आईचे मला मापात हवेत.’

बटण, ती स्टाइल नाही. ढगळ कपडा मुद्दाम घातला की खांदा त्याला धरून असतो. पत्रासोबत ऑफिसातला फोटो पाठवला आहेस, त्यात तुझ्या हिरव्या सदऱ्याच्या खांद्याची शिवण दंडावर उतरली आहे. तो सदरा मी शिवलेला आहे. तो कुठे बसायला हवा, हे मला माहीत आहे.

काहीही असेल. जेवत नसशील, झोपत नसशील, आईचं दुःख असेल, आणखी काही असेल. मी शिंपी आहे, डॉक्टर नाही. मला कारण कळत नाही, माप कळतं. आता उशीर न करता डॉक्टरकडे जा. त्यांना सांग की पावणेदोन वर्षांत कमरेचे चार इंच गेले. महिना म्हणू नकोस. वहीतलं तुझं पान मी कापून या पत्रासोबत ठेवलं आहे, ते त्यांना दाखव.

कपडे पाठवलेले नाहीत. तुझ्या या मापाने मी एकही टाका घालणार नाही. तू रागाव, पुन्हा दीड वर्ष घरी येऊ नकोस, मला चालेल. पुन्हा कुणासाठी शिवण आत घेऊन मी गप्प बसणार नाही. तू धडधाकट होऊन ये आणि माझ्यासमोर उभी राहा, मग आईचे सगळे सदरे तुझ्या अंगावर बेतून देतो.

रविवारच्या सकाळच्या गाडीने मी निघतो आहे. दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेन. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन, दुकानात नाहीतरी दिवसभर बसायचीच सवय आहे. सोमवारी डॉक्टरकडे मी बरोबर येईन, आणि या वेळी तिथे काय विचारतील त्याचं खरं उत्तर देईन.

ज्याला सगळं दिसत होतं, तो तुझा

बाबा