माफी मागणाऱ्यांसाठी दार उघडं

१६ ऑगस्ट २००७, गुरुवार. न्यू लिन
रोजनिशी पुन्हा सुरू. कारण: आत्मिक प्रगती. हन्नाकाकू किहीमकरांनी कम्युनिटी हॉलमध्ये दर गुरुवारी वर्ग काढलाय. काकू अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, रिटायर्ड नर्स. मराठी माझ्यापेक्षा चांगलं, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही. वर्गात सर्व धर्मांना प्रवेश. ज्यू पद्धत अशी की एक गुण निवडायचा, आठवडाभर तोच घासायचा आणि रोज त्याबद्दल लिहायचं. बाकीच्यांनी संयम, कृतज्ञता असलं सोपं काहीतरी घेतलं. मी नम्रता घेतली. सगळ्यात अवघड गुण मी घेतलाय हे कुणाच्या लक्षात येईना, म्हणून सांगितलं.

१९ ऑगस्ट
नम्रता उत्तम चालू. बायकोला, कांचनला, विचारलं, माझ्यात फरक जाणवतो का. म्हणाली, कशात?

२४ ऑगस्ट, शुक्रवार
आज शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचा, प्रयोग. सूर्यास्तापासून फोन, कॉम्प्युटर, गाडी बंद. मेणबत्त्या लावल्या. फार खोल शांतता. किती खोल, ते पुण्याला भावाला फोन करून सांगितलं.

३० ऑगस्ट, गुरुवार
काकूंनी आज मोठी गोष्ट सांगितली. सध्या त्यांचा माफीचा काळ आहे. तो २२ सप्टेंबरला उपासाने संपतो. त्यांच्या घरी त्याला दारफाळणीचा सण म्हणतात, त्या संध्याकाळी वर देवाची दारं बंद होतात. त्याआधी ज्याला दुखावलं त्याच्या घरी जाऊन माफी मागायची. तो नाही म्हणाला तर पुन्हा जायचं. असं तीनदा. माणसाला दुखावलं तर आधी त्या माणसानेच माफ करायला हवं, देवाकडे शॉर्टकट नाही.
ऐकून डोळे भरून आले. मधुकरला हे कळायलाच हवं.

३१ ऑगस्ट
मधुकरचं प्रकरण एकदा लिहून टाकतो. कोथरूडपासूनचा जिगरी दोस्त. तिकडे पुण्यात डॉक्टर. इथली परदेशी डॉक्टरांची परीक्षा पास होईना म्हणून सर्व्हिस स्टेशनवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, काम. गेल्या गणपतीत मंडळाचा माईक माझ्याकडे होता. मी प्रेमाने म्हणालो, आमचे डॉक्टर मधुकर सध्या गाड्यांना सलाईन लावतात. अख्खा हॉल हसला. आणि हा बायकोला, सुलभाला, घेऊन उठला, प्रसादही न घेता गेला. मी स्टेजवर असताना! एवढा अपमान माझा कुणी केला नव्हता. तेव्हापासून फोन नाही.
आता त्याला संधी आहे. वर्गाचं पत्रक त्याच्या लेटरबॉक्समध्ये टाकून आलो. माफीच्या परिच्छेदाखाली लाल रेघ मारली.

२ सप्टेंबर, रविवार
योजना पक्की. तो येईल. दोनदा नाही म्हणायचं. पहिल्याच फेरीत माफ केलं तर त्याची आत्मिक प्रगती खुंटेल. तिसऱ्यांदा मिठी. कांचनला चिवडा करायला सांगितला. कोण येणार आहे, तिने विचारलं. म्हटलं, पश्चात्तापी.

९ सप्टेंबर
कुणी आलं नाही. चिवडा मीच संपवला. विश्वासघात हा शब्द नम्रतेमुळे वापरत नाही. पण मनात तोच आहे.

१६ सप्टेंबर, रविवार
काल गणपती बसले. आज दुपारी बेल वाजली. दाराच्या काचेतून मधुकर दिसला! इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. दार न उघडता आतूनच म्हणालो, नाही मधुकर, इतक्यात नाही. तो म्हणाला, दीन्या, अरे ऐक तरी.
वर्षभरात कुणी दीन्या म्हटलं नव्हतं. विरघळणारच होतो. पण योजना म्हणजे योजना. पडदा ओढला. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.
पहिली फेरी छान झाली. कांचन डेअरीतून दूध घेऊन आली तेव्हा पायरीवर पेढ्यांचा बॉक्स होता, सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातला. मी म्हटलं, लाच. चिवडा पुन्हा करायला हवा.

२० सप्टेंबर, गुरुवार
आज कांचनने पेढ्यांचं कारण सांगितलं. मधुकर पास झाला. पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. तेच सांगायला आला होता, आणि निरोप घ्यायला. कांचनला सुलभाकडून आधीच कळलं होतं. म्हणजे बायका वर्षभर बोलत होत्या. आमच्या लेकीला, इरावतीलाही माहीत. माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे!
मला न सांगता पास झाला. वर्षभर अभ्यास केला आणि मला पत्ता नाही. हा विश्वासघात आहे. लिहिला शब्द. नम्रता गेली खड्ड्यात.
संध्याकाळी वर्गात सगळं सांगितलं, सलाईनच्या विनोदासकट. कुणी हसलं नाही. काकू हळूच म्हणाल्या, "दीनानाथ, तीनदा जायचं असतं ते तुम्ही."
म्हणजे काकूही त्याच्याच बाजूच्या. वर्ग सोडला.

२२ सप्टेंबर, शनिवार
सकाळी इरावतीला सगळं समजावत होतो. ती सीरियलच्या बाऊलमधून वर न बघता म्हणाली, "डॅड, इट वॉज अ मीन जोक. मधुकाका क्राइड इन द कार पार्क."
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
चारला निघालो. गाडीत वाक्य पाठ करत गेलो. मराठीत जमेना, मग इंग्लिशमध्ये केलं. मधुकरच्या घरासमोर व्हॅन, आणि एक उंच माणूस गादी उतरवत होता. इथला नमस्कार केला, किया ओरा, आणि म्हणाला, ते लोक कालच गेले, पामीला, म्हणजे पामर्स्टन नॉर्थला. माझं वाक्य तोंडापर्यंत आलेलं, ते थांबेना. आय ॲम सो सॉरी, असं त्यालाच म्हणालो. तो म्हणाला, नो वरीज, मेट, आणि गादी घेऊन आत गेला.
इतकंच होतं. वर्षभर इतकंच होतं. गाडीत बसून रडलो.
घरी आलो. एक पेढा उरला होता, तो खाल्ला. कांचनकडे त्याचा नवा नंबर आहे. अजून मागितलेला नाही. बाहेर अंधार पडलाय. कांचन म्हणतेय, कुणी येणार नाहीये, थंडी येतेय, दार लाव.
उठून लावलं.